पुणतांब्यावरून जॅझकडे

नांदेड-लातूरकडे गिटार आता नवलाची राहिलेली नाही. क्लाससाठी लातूरला आलेल्या पोरांच्या खोल्यांत ती पुस्तकांच्या ढिगाला टेकून उभी असते. नांदेडला कॉलेजच्या गॅदरिंगचं तिच्यावाचून भागत नाही. शिकण्याची वाटही ठरून गेली आहे. आधी जी, सी, डी आणि ई मायनर, मग स्ट्रमिंगचे एक-दोन ठेके, मग बार कॉर्डपायी सोलवटलेली बोटं. एकदा एफ स्वच्छ वाजला की हिंदी-मराठी गाण्यांचं मोठं भांडार उघडतं. पुढे मात्र एक वेळ अशी येते की गाणी बदलतात आणि हात तेच ते करत राहतात. कुणी मेटलकडे वळतं, कुणी गिटार कपाटावर टाकून देतं. माझं ठाम मत आहे की याच वळणावर जॅझ ऐकावं, शिकावं. मराठवाड्यातल्या माणसाला त्यासाठी थेट न्यू ऑर्लिन्सला जाण्याचं कारण नाही. गोदावरीच्या काठाने थोडं वर गेलं तरी पुरे.

नांदेडच्या घाटांपाशी येण्याआधी गोदावरीला नगर जिल्ह्यात पुणतांबा लागतं. मनमाड-दौंड रेल्वेवरचं, चांगदेवांच्या समाधीचं गाव. इथे १९१८ साली रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. विनायकबुवा पटवर्धनांकडे ते शास्त्रोक्त गाणं शिकले, नट व्हायचं म्हणून सिनेमात शिरले आणि सी. रामचंद्र या नावाने संगीतकार म्हणून गाजले. ‘शहनाई’ (१९४७), ‘पतंगा’ (१९४९), ‘समाधी’ (१९५०), ‘अलबेला’ (१९५१), ‘आशा’ (१९५७) या चित्रपटांतली त्यांची गाणी आपल्याकडच्या बँडवाल्यांनी वरातीत इतकी वाजवली आहेत की ती परक्या वळणाची आहेत हे कुणाच्या मनातही येत नाही. ‘ईना मीना डीका’ ऐकताना पाय आपोआप ठेका धरतो. तो ठेका आणि मागची ब्रासची फेक मुंबईच्या हॉटेलांतल्या नाचाच्या बँडमधून आलेली आहे.

त्या बँडची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. १९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्डसारखे कलावंत आले. वेदरफर्ड इथेच रमले. १९४५ साली कोलकात्यात पटकीने त्यांचा अंत झाला. (नांदेड, लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. ताजमधला हा आवाज इकडे पोचायला सिनेमाच यावा लागला.) या पाहुण्यांच्या शेजारी बसून वाजवायला मुंबईत तयार माणसं होती ती गोव्याची. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. कागदावर लिहिलेलं संगीत समोर आलं की ही माणसं ते तिथल्या तिथे वाजवीत. रात्री हॉटेल आणि दिवसा फिल्मी रेकॉर्डिंग, असा त्यांचा दिनक्रम पडला आणि जॅझ हिंदी गाण्यात उतरलं.

आल्दोना गावचे अँतोनियो झेवियर वाझ हे त्यांतलं मोठं नाव. जग त्यांना चिक चॉकलेट म्हणून ओळखतं. ट्रम्पेट वाजवण्याची ढब लुई आर्मस्ट्राँगची. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत त्यांचा हात मोठा होता आणि ‘अलबेला’त तर ते बँडसकट पडद्यावर दिसतात. पुणतांब्याच्या माणसाची चाल, आल्दोन्याच्या माणसाचा ट्रम्पेट आणि त्यावर भगवानदादांचा नाच: महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांनी जॅझ पहिल्यांदा अनुभवलं ते हे. या वादकांची नावं तबकड्यांवर क्वचितच छापली गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

गिटारवाल्याने त्यानंतर शोधावी ती १९६८ ची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही शंकर-जयकिशन यांची तबकडी. अकरा राग, प्रत्येकाची छोटेखानी जॅझ मांडणी. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो, आणि इलेक्ट्रिक गिटारवर अनिबल कॅस्ट्रो व दिलीप नाईक. तोडी, भैरव, मालकंस, शिवरंजनी, भैरवी हे राग भजनांतून, अभंगांतून आपल्या कानावर पडलेलेच असतात. त्यामुळे चाल कुठे निघाली हे समजतं आणि सगळं लक्ष खालच्या कॉर्डकडे देता येतं. राग तोच, पण त्याच्या पायाखालची जमीन सारखी सरकते आहे असं वाटायला लागतं. ते सरकणं म्हणजेच जॅझचं अर्धं मर्म.

ते गिटारवर करून पाहू. सी हा सा धरा. जॅझमध्ये पावलोपावली भेटणारी कॉर्डची एक जोडणी आहे: डी मायनर सेव्हन, मग जी सेव्हन, मग सी मेजर सेव्हन. सहा तारा दाबायच्या नाहीत, तीनच पुरतात. पहिल्या कॉर्डला पाचवी तार पाचव्या फ्रेटवर, चौथी तिसऱ्यावर, तिसरी पाचव्यावर. दुसऱ्या कॉर्डला सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर, चौथी तिथेच तिसऱ्यावर, तिसरी मात्र चौथ्यावर. तिसऱ्या कॉर्डला पाचवी तार तिसऱ्यावर, चौथी दुसऱ्यावर, तिसरी चौथ्यावरच. बाकीच्या तारा बोटांनी मुक्या ठेवायच्या.

आता खर्जाची तार सोडून फक्त आतल्या दोन तारा ऐका. पहिल्या कॉर्डमध्ये त्या म आणि सा बोलतात. दुसरी आली की म जागेवर राहतो आणि सा अर्ध्या स्वराने उतरून नी होतो. तिसरी आली की नी राहतो आणि म उतरून ग होतो. एका वेळी एकच बोट एकच फ्रेट खाली येतं, आणि तेवढ्याने मन सुटकेच्या जागी पोचतं. हार्मोनियमवर भजनाला साथ केलेल्या माणसाला हे ऐकवून पाहा, तो लगेच मान डोलावेल. काउंट बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ साली मरेपर्यंत असेच मोजक्या स्वरांचे कॉर्ड वाजवत बसले. चार मात्रांना चार आघात, सोलो जवळजवळ नाहीच. सारा बँड त्यांच्यावर उभा असे.

गिटारला पुढे आणून बसवलं ते चार्ली ख्रिश्चनने. तोवर ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गर्दीत गिटार ऐकूच येत नसे. इलेक्ट्रिक गिटार घेऊन तो १९३९ साली बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि एकेका तारेवर सॅक्सोफोनसारखी लांबलचक वाक्यं बोलू लागला. १९४२ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, क्षयाने गेला. पण त्याच्या तबकड्या राहिल्या. त्या ऐकून इंडियानापोलिसचा वेस माँटगोमेरी विशीच्या उंबरठ्यावर गिटारकडे वळला. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. चार्लीचे सोलो त्याने कानाने टिपून जसेच्या तसे बसवले. दिवसा कारखान्यात काम, रात्री वादन. आवाज मऊ राहावा म्हणून पिकऐवजी नुसता अंगठा. तोच अंगठा पुढे त्याची ओळख झाला. जवळ शिकवणारं कुणी नाही म्हणून अडून बसलेल्या आपल्याकडच्या मुलांना मी वेसचं १९६० चं ‘द इनक्रेडिबल जॅझ गिटार’ ऐकायला सांगतो. एक सोलो निवडावा, आधी तोंडाने गाऊन पाठ करावा, मग तारांवर शोधावा. आपल्याकडे घराण्यांचं गाणं याच रीतीने गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात गेलं आहे.

या सगळ्यांत माझ्या सर्वांत जवळचा वादक मात्र आपल्या मुलखातला. अमान्सियो डिसिल्वा. जन्म १९३६, मुंबई, आईवडील गोव्याचे. मुलगा स्टेफानोच्या उपचारांसाठी १९६७ मध्ये ते लंडनला गेले आणि तिथल्या पहिल्या फळीच्या जॅझवाल्यांत बसले. १९६९ साली ‘इंटिग्रेशन’ निघालं आणि त्याच वर्षी जमैकात जन्मलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट याच्यासोबत ‘हम दोनो’. त्यातल्या तुकड्यांची नावंच बघा: ‘बॅलड फॉर गोवा’, ‘जयपूर’, ‘स्टेफानोज डान्स’. पुढे ‘कोंकण डान्स’ रेकॉर्ड झालं, ते बाहेर यायला २००६ उजाडलं. अमान्सियो त्याआधी दहा वर्षं, १९९६ मध्येच गेले होते. त्यांच्या गिटारमध्ये अमेरिकन जॅझची भाषा पक्की आहे, पण वाक्य संपवताना ते एखाद्या स्वरावर असे रेंगाळतात, तार अशी किंचित ओढतात, की ऐकणाऱ्याला सतारीची आठवण यावी. कुणाची नक्कल म्हणून ते येत नाही. लहानपणापासून कानात साठलेलं हाताने बाहेर काढलेलं आहे. ‘हम दोनो’ला मी गेल्या शतकातल्या भारतीय वादकांच्या फार मोठ्या कामांत धरतो. मराठीत त्याबद्दल जवळजवळ काहीच लिहिलं जात नाही, हे बदलायला हवं.

मुंबईत १९७८ साली निरंजन झवेरींच्या पुढाकाराने ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली, सॉनी रोलिन्ससारखा दिग्गज तिथे वाजवून गेला. नांदेड-लातूरला तसं काही झालेलं नाही. ड्रमवाला, डबल बासवाला इथे कुठून आणणार? पण तबलजी गल्लोगल्ली आहेत, आणि सुरुवातीला तेवढं बस होतं.

जॅझमधल्या जुन्या साच्यांपैकी एक म्हणजे बारा बारांचा ब्लूज. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस. तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. तबलजीला मध्य लयीत तीनताल धरायला सांगा. प्रत्येक मात्रेचे मनात तीन भाग करायचे, म्हणजे तिश्र जाती. पहिला स्वर दोन भाग लांबवायचा आणि दुसरा शेवटच्या भागावर टाकायचा. स्विंग नावाची झुलती चाल साधारण इथून सुरू होते. या वेळी सी ऐवजी ए हा सा धरा. पहिलं आवर्तन सगळं ए सेव्हनवर, म्हणजे सा वर. दुसऱ्याच्या आठ मात्रा डी सेव्हनवर, म्हणजे म वर, आणि उरलेल्या आठ परत सा वर. तिसऱ्याला ई सेव्हन, म्हणजे प, चार मात्रा. म चार मात्रा. मग आठ मात्रा सा. पुढच्या समेवर सगळं पुन्हा पहिल्यापासून. सोबतीला कीबोर्डवाला किंवा दुसरा गिटारवाला असला तर एकाने कॉर्ड धरावे आणि दुसऱ्याने तीन आवर्तनं मोकळं वाजवावं, मग अदलाबदल. पहिल्या फेरीत सुचेल तेवढंच वाजवावं. दोन स्वर सुचले तर दोनच, पण ते नेमक्या मात्रेवर पडावेत.