नव्या ड्रिफ्टवुडवर पांढरी बुरशी? औषध ओतण्याआधी हे वाचा

फिशटँकमध्ये वाळू, दोन-चार पाणवनस्पती आणि मधोमध एखादे वेडेवाकडे लाकूड म्हणजेच ड्रिफ्टवुड ठेवले की टाकीचे रूपच पालटते. पण चार-पाच दिवसांतच या लाकडावर कापसासारखा पांढरा, बुळबुळीत थर दिसू लागतो. मुले विचारतात, ‘‘आता मासे मरणार का?’’ आणि घरातील मोठे लगेच दुकानातून बुरशीनाशक औषध आणतात.

खरी गडबड इथेच होते. लाकडावरच्या या थराने माशांचे सहसा काही बिघडत नाही, पण घाईने ओतलेल्या औषधाने सगळी टाकी बिघडू शकते.

हा थर असतो तरी काय?

लाकूड सुकलेले असले तरी त्यात थोडी साखर आणि इतर सेंद्रिय द्रव्ये शिल्लक असतात. लाकूड पाण्यात गेले की ती हळूहळू बाहेर झिरपतात. त्यांच्यावर जिवाणू आणि बुरशी वाढतात, तोच हा पांढुरका थर. खाद्य संपले की थरही आपोआप विरतो. त्याला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. स्पायडरवुडसारख्या फांद्याफांद्यांच्या लाकडावर तो जास्त दिसतो. मोपानीसारख्या जड लाकडातून मात्र रंग जास्त उतरतो.

माशाच्या अंगावर किंवा कल्ल्यांवर कापसासारखे पुंजके दिसले तर ती वेगळी बाब आहे. ही बुरशी बहुधा जखमी किंवा अशक्त माशाला होते आणि तिच्यावर उपचार करावे लागतात. आजारी मासा वेगळ्या भांड्यात ठेवून औषध द्या, मुख्य टाकीत ओतू नका.

औषध का नको?

टाकीच्या फिल्टरमध्ये आणि वाळूत उपयुक्त जिवाणूंची वस्ती असते. माशांच्या विष्ठेतून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे ते आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत ही वस्ती जमायला ४ ते ६ आठवडे लागतात. मिथिलीन ब्लूसारखी औषधे या जिवाणूंनाही मारतात. मग अमोनिया वाढतो आणि मासे दगावतात. तांबे असलेले औषध तर कोळंबी आणि गोगलगायींसाठी जीवघेणे ठरते. तुरटी, हळद, मीठ असे घरगुती प्रयोगही टाळा.

मग करायचे काय?

* लाकूड बाहेर काढा आणि नळाखाली जुन्या टूथब्रशने घासा. साबण किंवा डिटर्जंट अजिबात नको.
* लाकूड काढता येत नसेल तर पाणी बदलताना नळीने तो थर ओढून घ्या.
* आठवड्यातून एकदा २५ ते ३० टक्के पाणी बदला. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन घालायला विसरू नका.
* माशांना खाणे बेताचेच द्या. उरलेले खाणे कुजून बुरशीला आणखी खाद्य मिळते.
* थर पुन्हा आला तर पुन्हा घासा. प्रत्येक वेळी तो कमी होत जातो.

कोळंबी, गोगलगाय आणि काही मासे हा थर आवडीने खातात. जपानचे प्रसिद्ध मत्स्यटाकी-सजावटकार ताकाशी अमानो यांनी तर शेवाळ खाणाऱ्या एका कोळंबीला जगभर लोकप्रिय केले. ती आज ‘अमानो’ याच नावाने विकली जाते. पण अगदी नव्या टाकीत कोळंबी सोडू नका, ती तग धरत नाही. केवळ सफाईसाठी ‘सकर फिश’ही आणू नका. बोटाएवढा दिसणारा हा मासा फूटभराहून मोठा होतो. नकोसा झाला म्हणून तो नदीत किंवा तलावात सोडणे तर त्याहून वाईट, कारण हा परदेशी मासा देशातील अनेक जलाशयांत पसरून स्थानिक माशांच्या मुळावर उठला आहे.

पाणी चहासारखे झाले तर?

लाकडातून टॅनिन उतरते, म्हणून पाणी फिकट तपकिरी होते. चहातही टॅनिन असते. दक्षिण अमेरिकेतील रिओ नेग्रो नदीचे पाणी असेच गडद असते आणि कार्डिनल टेट्रा हे देखणे मासे तिथलेच. फायटर मासा पाळणारे तर जंगली बदामाची वाळलेली पाने मुद्दाम पाण्यात टाकतात. रंग नको असेल तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा.

टॅनिनमुळे पाणी थोडे आम्लधर्मी होते. ते किती होईल, हे तुमच्या पाण्यावर ठरते. गाझियाबादमध्ये काही वस्त्यांना गंगेच्या कालव्याचे शुद्ध केलेले पाणी मिळते, तर अनेक सोसायट्यांत बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी येते. क्षारयुक्त पाण्यात हा बदल फारसा जाणवत नाही. पावसावर भरणाऱ्या तलावांतून येणारे मुंबईचे पाणी तुलनेने मृदू असते, तिथे थोडे लक्ष ठेवा. स्वयंपाकघरातील आरओचे निव्वळ पाणी टाकीत भरू नका. त्यात क्षार जवळजवळ नसल्याने आम्लता पटकन बदलते.

केव्हा सावध व्हायचे?

सकाळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी पडतो आहे. दाट थरातले जिवाणू प्राणवायू वापरतात. शिवाय २५ अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम मावतो, तर ३५ अंशांना ७ मिलिग्रॅमच. उत्तर भारतातील किंवा विदर्भातील उन्हाळ्यात, त्यातही वीज गेली की, लहान टाकीत हा धोका वाढतो. अशा वेळी लाकूड बाहेर काढा, थोडे पाणी बदला आणि एअर पंप जोरात चालवा. वीज नेहमी जात असेल तर बॅटरीवर चालणारा पंप घरी असू द्या.

लाकडाला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल किंवा दाबल्यावर ते भुसभुशीत लागत असेल तर ते आतून कुजले आहे. ते टाकून द्या.

पुढच्या वेळी ही तयारी करा

नवे लाकूड १ ते २ तास उकळा. मग बादलीत आठवडा-दोन आठवडे भिजत ठेवा आणि पाणी रोज बदला. यामुळे रंग उतरतो, बुरशीचे खाद्य कमी होते आणि लाकूड पाण्यात बुडायलाही मदत होते. त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे वापरू नका. प्रेशर कुकर तर नकोच, सुटलेल्या तुकड्यांनी शिट्टीची वाट बंद होऊ शकते.

सहलीत सापडलेले कोणतेही लाकूड टाकीत टाकू नका. समुद्रकिनाऱ्यावरच्या लाकडात मीठ मुरलेले असते. चीड किंवा देवदाराच्या लाकडात राळ असते. कडुनिंब माशांना घातक ठरू शकतो. वाळवीचे औषध मारलेल्या जुन्या फर्निचरचा तुकडाही चालणार नाही.

मासे नीट खात-पोहत असतील तर तो पांढरा थर पाहून घाबरू नका. मुलांना दर रविवारी त्याचा एक फोटो काढायला सांगा. महिनाभराचे फोटो शेजारी ठेवले की थर कसा ओसरत गेला, ते त्यांना स्वतःच दिसेल.