न चाललेल्या बातम्यांचा शोध

जानेवारी २०२५मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूरच्या शेजारचा शेगाव तालुका देशभरच्या मोबाईलवर झळकला. बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत काही दिवसांत केस गळून माणसांना टक्कल पडत होतं. ‘टक्कल व्हायरस’ हा मथळा पोर्टलांवर सुसाट सुटला. व्हायरस मात्र कुणालाच सापडला नव्हता! आधी संशय पाण्यावर होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) पथक नमुने घेऊन गेलं. पुढे वैद्यकीय संशोधक डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तोवर मथळ्यानं आपलं काम उरकलं होतं.

संग्रामपूर तालुका खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यात भूजल खारट, आणि किडनीच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षांच्या. स्थानिक बातमीदार त्या लिहितातही, पण त्या ‘चालत’ नाहीत. डिजिटल डेस्कवर कोणती बातमी या घडीला किती जण वाचताहेत हे समोर दिसत असतं. आकडा पडला की बातमीही खाली जाते.

टक्कल देशाचा विषय होतं आणि किडनी तालुक्याच्या पानावरच का राहते? डेस्कवर या प्रश्नाला सवड नसते. तो डोक्यातून जाईनासा झाला, की काही पत्रकार विद्यापीठाची वाट धरतात.

अमेरिकेतले मॅक्सवेल मॅकॉम्ब्स असेच. न्यू ऑर्लिन्सच्या ‘टाइम्स-पिकायून’मध्ये वार्ताहर होते, मग पीएच.डी. करून प्राध्यापक झाले. मोठ्या बातम्यांच्या गर्दीत एखादी बातमी पानावर खाली सरकली, तर तिचा परिणामही घटतो का, ही त्यांची शंका अस्सल डेस्कवरची. १९६८च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी डोनाल्ड शॉ यांच्यासह चॅपल हिलमधल्या १०० अनिश्चित मतदारांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात ते विचारलं आणि उत्तरं माध्यमांतल्या बातम्यांशी ताडून पाहिली. मतदारांच्या आणि माध्यमांच्या प्रश्नांच्या याद्या जवळपास जुळल्या. १९७२मध्ये प्रसिद्ध झालेला या पाहणीवरचा निबंध ‘अजेंडा सेटिंग’चा, म्हणजे लोकांना कोणते विषय महत्त्वाचे वाटावेत हे माध्यमं ठरवतात या सिद्धांताचा, पाया मानला जातो.

आपल्याकडे पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट किंवा बुलढाणा जिल्हा ज्याच्या कक्षेत येतो ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. पदव्युत्तर पदवी, मग पीएच.डी.साठी नेट किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. खरी अडचण सवयीची. दहा मिनिटांत बातमी सोडणाऱ्याला तीन महिन्यांचे अंक घेऊन बसावं लागतं. प्रत्येक बातमीचा विषय, जागा, स्रोत नोंदवायचा. त्याच बातम्या दुसऱ्याकडून स्वतंत्रपणे वर्गीकृत करून घ्यायच्या. दोघांचं जुळलं नाही तर व्याख्या पुन्हा लिहायच्या. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ इथे अजिबात खपत नाही. त्या बदल्यात गावात ओळख, फोन उचलणारी माणसं आणि मथळा कसा शिजतो याचं ज्ञान, ही पुंजी पत्रकाराकडे आयती असते. नुसती पुस्तकं वाचून आलेल्याला ती मिळवायला वर्षं लागतात.

संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकाल, सोनाळा, पातुर्ड्याच्या वाचकांना कुठली बातमी महत्त्वाची वाटते आणि पोर्टलं त्यांना कुठली दाखवतात, एवढा विषयही प्रबंधाला पुरेल. डेस्कला कंटाळलेल्या वऱ्हाडातल्या एखाद्या पत्रकारानं तो जरूर घ्यावा.