फ्रँकलिनच्या धाकट्या बहिणीचा माग

तुमच्या पणजीचं माहेरचं आडनाव सांगता येईल? बहुतेक जण इथेच अडखळतात. लग्नानंतर आडनाव बदललं की कागदपत्रांत बाई सापडेनाशी होते. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या अमेरिकेतही हेच व्हायचं. बोस्टनच्या जेन फ्रँकलिनचंच पाहा ना.

साबण आणि मेणबत्त्या बनवणाऱ्या जोसाया फ्रँकलिनला १७ मुलं. त्यातली जेन धाकटी लेक, जन्म २७ मार्च १७१२. तिच्याहून ६ वर्षांनी मोठा भाऊ म्हणजे जगप्रसिद्ध बेंजामिन फ्रँकलिन. १७५८ मध्ये तो इंग्लंडमधल्या एक्टन या मूळ गावी गेला, चर्चची जुनी नोंदवही पाहिली आणि आपण ५ पिढ्यांपासून धाकट्या मुलाचे धाकटे मुलगे आहोत, असं त्याला आढळलं. हिशोब सगळा मुलग्यांचाच! पुढे त्याच्या गाजलेल्या आत्मचरित्रातही जेनचा उल्लेख आला नाही.

मग जेन सापडते कुठे? तिनेच शिवलेल्या एका छोट्याशा वहीत. त्या काळी मुलींना वाचायला शिकवत, लिहायला मात्र क्वचितच. जेन लिहायला शिकली. १५ व्या वर्षी, १७२७ मध्ये, तिचं एडवर्ड मीकम या खोगीर बनवणाऱ्याशी लग्न झालं. वहीला तिने नाव दिलं ‘बुक ऑफ एजेस’. आधी स्वतःचा जन्म, मग लग्न, मग एकेका मुलाचा जन्म आणि त्यांचे मृत्यू. १२ बाळंतपणं झाली. त्यातली एकच मुलगी तिच्या मागे उरली. वहीत रडगाणं नाही, बहुतेक नुसत्या तारखा.

पण या तारखा वाचतानाही चकवा बसतो. पहिला मुलगा जोसाया १७२९ मध्ये जन्मला आणि वर्षभरातच गेला. १७४३ मध्ये पुन्हा जोसायाच जन्मतो! गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देण्याची तिथे पद्धत होती. शिवाय १७५२ पूर्वी इंग्रजी वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जुन्या कागदांत जानेवारी ते मार्चच्या तारखांपुढे कधीकधी दोन सालं दिसतात. बेंजामिनचा जन्म तेव्हाच्या हिशोबाने ६ जानेवारी १७०५, आजच्या हिशोबाने १७ जानेवारी १७०६.

बाकीची जेन भावाच्या कागदांत आहे. दोघं आयुष्यभर एकमेकांना पत्रं लिहीत राहिली. तिच्या लग्नाच्या वर्षी त्याने तिला चरखा पाठवला, तेव्हाचं पत्र अजून आहे. तिची त्या काळातली उत्तरं मात्र हरवली, कारण ती जपून ठेवावीत असं कुणाला वाटलंच नसावं. उरलेल्या पत्रांतून कळतं, नवरा कर्जात बुडालेला, घरात भाडेकरू ठेवून ती संसार ओढत होती. घरातली साबणाची कृती तिला येत होती. म्हातारपणी भावासाठी ती लिहूनही दिली.

विवाहित बाईची मालमत्ता तेव्हा कायद्याने नवऱ्याच्या हाती जायची. त्यामुळे तिच्या नावाचे कागद कमीच. नवरा १७६५ मध्ये गेला. बेंजामिन १७९० मध्ये वारला, तेव्हा मृत्युपत्रात त्याने जेनच्या नावे बोस्टनमधलं युनिटी स्ट्रीटवरचं घर आणि दरवर्षी ५० पौंड लिहून ठेवले होते. ४ वर्षांनी तीही गेली.

ते घर १९३९ मध्ये पाडलं गेलं. वही मात्र बोस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीत आजही आहे.