हार्ड डिस्क, घरगुती संगणकातील

वीजपुरवठा बंद झाल्यानंतरही संगणकातील माहिती टिकवून ठेवणारे चुंबकीय साधन. हिच्यातील तबकड्या ॲल्युमिनियमाच्या वा काचेच्या व ताठ असतात. लवचिक पटलाच्या फ्लॉपीपासून वेगळेपणा दर्शविण्यासाठी हिला हार्ड (कठीण) डिस्क हे नाव रूढ झाले. संगणकाचा अन्य कोणताही भाग बिघडल्यास तो बदलून काम भागते. हार्ड डिस्क निकामी झाल्यास मात्र तीमधील पत्रव्यवहार, हिशेब, छायाचित्रे इ. नाहीशी होण्याचा संभव असतो आणि ती बाजारात पुन्हा विकत मिळत नाहीत. म्हणून डिस्कची निवड, बदल व दुरुस्ती यांचा विचार यंत्रापेक्षा माहितीच्या दृष्टीने करावा लागतो.

इतिहास : पहिली हार्ड डिस्क आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये रॅमॅक या संगणकासाठी तयार केली. तीत सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या असून त्यांवर सु. ५० लाख अक्षरे मावत. १९८० मध्ये शुगार्ट टेक्नॉलॉजी (नंतरची सीगेट) या कंपनीने ५ मेगाबाइट क्षमतेची लहान आकारमानाची डिस्क बाजारात आणली. १९८३ मधील आयबीएम पीसी एक्सटी या वैयक्तिक संगणकात १० मेगाबाइटची डिस्क होती. आल्बेअर फेर व पेटर ग्र्यूनबेर्ख यांनी १९८८ मध्ये शोधलेल्या महाचुंबकरोध परिणामाचा उपयोग १९९७ पासून वाचनशीर्षांत होऊ लागला व क्षमता झपाट्याने वाढली. या शोधाबद्दल दोघांना २००७ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रचना व कार्य : तबकड्यांवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. त्या एका दंडावर बसविलेल्या असून विद्युत् चलित्राने मिनिटास ५,४०० वा ७,२०० फेरे या वेगाने फिरतात. भुजेच्या टोकाशी असलेले वाचन–लेखन शीर्ष तबकडीला स्पर्श न करता, केवळ काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. धुळीचा कण या अंतराच्या कित्येक पट मोठा असतो. त्यामुळे डिस्कचे झाकण घरी उघडणे म्हणजे ती नष्ट करणेच होय.

हवी असलेली माहिती शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा लागतो. हा काळ ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये सु. ४·२ मिलिसेकंद, तर ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये सु. ५·६ मिलिसेकंद असतो. भुजा योग्य जागी सरकण्याचा काळ यात मिळवावा लागतो. एसएसडी या साधनात फिरणारे भाग नसून माहिती अर्धसंवाहक स्मृतीत साठविली जाते. म्हणून तिच्यात हा विलंब जवळजवळ नसतो.

निवड : संगणक सुरू होण्यास वा कार्यक्रम उघडण्यास लागणारा वेळ कमी करावयाचा असल्यास एसएसडी घेणे योग्य होय. छायाचित्रे, चलच्चित्रे यांचा मोठा संग्रह कमी खर्चात ठेवावयाचा असल्यास चुंबकीय डिस्क सोयीची ठरते. पुष्कळ घरी दोन्हींचा संयोग उत्तम : कार्यप्रणाली एसएसडीवर व संग्रह चुंबकीय डिस्कवर.

उत्पादक १ टेराबाइट म्हणजे १०¹² बाइट असे मोजतात. विंडोज ही कार्यप्रणाली १,०२४ च्या पटीत मोजते व त्याच डिस्कची क्षमता सु. ९३१ गिगाबाइट दाखविते. ही फसवणूक नसून मोजण्याच्या रीतीतील फरक आहे. काही डिस्कांत मार्गिका कौलांप्रमाणे एकमेकींवर चढवून क्षमता वाढविलेली असते. अशा डिस्क साठवणीस चालतात, परंतु वारंवार पुनर्लेखन केल्यास त्या मंद होतात.

बदल : डिस्क बदलण्यापूर्वी जुन्या संगणकातील जोडणीचा प्रकार पाहावा. २००३ पासून साटा ही जोडणी प्रचारात आली. तिच्या सर्वांत जलद प्रकाराचा वेग सेकंदास ६ गिगाबिट आहे. लहान पट्टीसारख्या एम-२ या आकाराच्या एसएसडी काही साटा पद्धतीच्या, तर काही एनव्हीएमई पद्धतीच्या असतात. आकार सारखा असला, तरी खाच स्वीकारील तीच पद्धत चालते. जुन्या एमबीआर विभाजन पद्धतीत (५१२ बाइटांचे खंड असल्यास) सु. २·२ टेराबाइटपलीकडील जागा वापरता येत नाही. मोठ्या डिस्कसाठी जीपीटी पद्धत लागते.

जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर काढताना मूळ कोणती व प्रत कोणती यांची दोनदा खात्री करावी. दिशा उलटी झाल्यास रिकाम्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर उतरते. नवी डिस्क काही आठवडे सुरळीत चालेपर्यंत जुनी पुसू नये. प्रत न काढता कार्यप्रणाली नव्याने बसविली असल्यास, युनिकोडपूर्व काळातील मराठी मजकूर ज्या टंकांत लिहिला असेल ते टंकही जुन्या डिस्कवरून घ्यावेत. अन्यथा धारिका शाबूत असूनही मजकूर वाचता येत नाही.

दोषनिदान : डिस्क संगणकास अजिबात दिसत नसल्यास प्रथम वीजजोडणी व केबल तपासावी आणि केबल व खोबणी बदलून पाहावी. डिस्क स्वतःच्या स्थितीच्या नोंदी स्मार्ट या व्यवस्थेद्वारे ठेवते. त्यांपैकी बदली दिलेल्या खंडांची व वाचता न आलेल्या खंडांची संख्या वाढत असल्यास पृष्ठभाग खराब होत आहे असे समजावे. केवळ संक्रमणदोषांची (सीआरसी) संख्या वाढत असल्यास दोष बहुधा केबलचा असतो. नोंदी निर्दोष असणे ही मात्र हमी नव्हे. गूगलमधील संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या डिस्कांपैकी एक तृतीयांशाहून अधिक डिस्कांनी अशी कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती.

डिस्कमधून लयबद्ध टकटक ऐकू येऊ लागल्यास शीर्षास आपली जागा सापडत नसल्याचा संभव असतो. अशा वेळी वीजपुरवठा तत्काळ बंद करावा. प्रत्येक नवा प्रयत्न हानी वाढवितो. ‘डिस्क फॉरमॅट करावी काय?’ असा प्रश्न संगणकाने विचारल्यास होकार देऊ नये. डिस्क वाचली जात असेल, तर दुरुस्तीचा कार्यक्रम चालविण्याआधी तिची प्रत काढावी, कारण असे कार्यक्रम डिस्कवर लेखन करतात. निकामी डिस्क शीतपेटीत ठेवण्याचा प्रचलित उपाय टाळावा. थंड तबकड्यांवर बाष्प साचून उरलीसुरली आशाही संपते. मौल्यवान माहितीसाठी निर्धूळ कक्ष असलेल्या तज्ञांकडे जावे. एसएसडीवरील पुसलेली माहिती ट्रिम या आज्ञेनंतर बहुधा परत मिळत नाही.

माहितीचे रक्षण : चालू डिस्क कधीतरी निकामी होणारच, असे धरून वागणे हाच खरा उपाय होय. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर व त्यांतील एक घराबाहेर, असा संकेत आहे. एकाच डिस्कच्या दोन विभागांत ठेवलेल्या प्रती ही एकच प्रत होय. बाहेरून जोडण्याची डिस्क काम संपताच काढून ठेवावी, म्हणजे विजेचा उच्च दाब वा खंडणीखोर कार्यक्रम यांपासून ती सुरक्षित राहते. वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी अखंड वीजपुरवठ्याचे साधन वापरावे. काढलेली प्रत उघडून वाचता येते की नाही, हे मधूनमधून पाहावे. कधीच न तपासलेल्या प्रतीवर भिस्त ठेवता येत नाही.

पहा : अर्धसंवाहक, चुंबकत्व, संगणक.