औषधाची वाट (भाग ७) : लावणीतली बाई आणि डॉक्सीची गोळी

पाऊस धरला की कणकवलीच्या मळ्यांत लावणी सुरू होते आणि पाठोपाठ लेप्टोची धास्ती. उंदरागुरांच्या मुतातले जंतू चिखलात उतरतात, भेगाळलेल्या टाचेतून अंगात शिरतात. म्हणून चिखलात राबणाऱ्यांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लीन देतात. गरोदर बाईला मात्र ती गोळी नाही.

वार म्हणजे वाईट ते सगळं अडवणारी भिंत, असा आपला समज असतो. तो खोटा आहे. साधारण ५०० पेक्षा कमी रेणुभाराची बहुतेक औषधं वार ओलांडतात. डॉक्सीचा रेणुभार ४४४. इन्सुलिन आणि हेपॅरिन मात्र अवजड, ती अलीकडेच राहतात. गरोदरपणातल्या मधुमेहात इन्सुलिनवर भिस्त असते ती त्यामुळेही. डॉक्सीच्या कुळातली औषधं कॅल्शियमला चिकटतात. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून पोटातल्या बाळाचे दात घट्ट होऊ लागतात, आणि औषध त्यांत कायमचं बसलं की दात पिवळे-तपकिरी उगवतात.

मग लेप्टो झालाच तर? अमॉक्सिसिलीनसारखी पेनिसिलीनच्या कुळातली औषधं चालतात. पण त्यांचीही वाट आता बदललेली असते. शेवटच्या तिमाहीपर्यंत रक्तातला पातळ भाग जवळजवळ दीडपट होतो. मिठाचा तोच खडा मोठ्या टोपात टाकावा तसं औषध फिकं पडतं. मूत्रपिंडंही रक्त सुमारे दीडपट वेगानं गाळतात, त्यामुळे अमॉक्सिसिलीन लघवीवाटे लवकर निघून जातं. फिटवरच्या लॅमोट्रिजिनचं तर यकृत इतक्या झपाट्यानं विघटन करतं की डोस वाढवावा लागतो, आणि बाळंतपणानंतर लगेच उतरवावाही लागतो. ‘दोन जीव आहेत, गोळी अर्धीच घे’ हा घरगुती सल्ला म्हणूनच घातक. अर्ध्या डोसानं ताप हटत नाही, आणि लेप्टोत गर्भपाताचाही धोका असतो.

बाळंतिणीचा प्रश्न वेगळा. ‘गोळी पोराक बाधूची नाय मां?’ बहुतेकदा नाही. औषध रक्तातून दुधात झिरपतं आणि रक्तातलं प्रमाण उतरलं की दुधातून परत रक्तात जातं. त्यामुळे दूध पिळून फेकल्यानं औषध लवकर संपत नाही, दूध तेवढं वाया जातं. वजनाच्या हिशेबानं आईच्या डोसाच्या १० टक्क्यांहून कमी औषध बाळाला पोहोचत असेल तर ते सहसा चालतं. अमॉक्सिसिलीन १ टक्क्याच्याही आत राहतं. अंगावर पाजून झाल्या झाल्या गोळी घेतली, तर पुढच्या पाजण्यापर्यंत बऱ्याच औषधांचा भर ओसरतो. कर्करोगावरची औषधं मात्र या हिशेबात धरू नका. तिथे पाजणं थांबवावंच लागतं.

गोळ्या वाटायला आलेल्या आशाताईला कितवा महिना ते आधी सांगा; पाळी चुकली असेल तर तेही. तापात दवाखान्यात जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आणि चालू औषध मनानं बंद करू नका.