कोऱ्या पाटीचा परदेशप्रवास

परदेशी निघालेल्या माणसाच्या बॅगेत काय असावे, याविषयी आपल्याकडे प्रत्येकाचे मत ठाम असते. गेल्या वर्षी जून महिन्यात एका परिषदेसाठी इंग्लंडमधील लीड्स येथे जावयाचे ठरले, तेव्हा आईने मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी काढून ठेवली, शेजारच्या काकूंनी लोकरीची शाल आणून दिली आणि विद्यार्थ्यांनी चॉकलेटांची आठवण करून दिली. परंतु स्वतःचा धडधाकट लॅपटॉप घरी ठेवून मी मुंबईच्या एका संशोधन संस्थेकडून उसना लॅपटॉप घेऊन जाणार आहे, असे स्टाफरूममध्ये सांगितले तेव्हा सर्वांनाच नवल वाटले. "मॅडम, घरची भाकरी सोडून शेजाऱ्याकडे पीठ मागण्यातला हा प्रकार आहे," असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणालेसुद्धा. त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. आज सवडीने त्याचे उत्तर द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्या लॅपटॉपमध्ये काय होते ते प्रथम सांगितले पाहिजे. त्या संशोधन संस्थेच्या सहकार्याने तीन वर्षे मी बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या मुलाखती घेत होते. या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण किती मोठे आहे, हे २०१९ साली वृत्तपत्रांतून पुढे आले आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, हे आपणांस आठवत असेल. माझ्याजवळ एकेचाळीस स्त्रियांचे आवाज होते. त्यांत कोणी मुकादमाविषयी बोलली होती, कोणी डॉक्टरविषयी, कोणी घरातल्या माणसाविषयी. त्यांतली एक बोलणे संपल्यावर माझा हात धरून म्हणाली होती, "बाई, माजं नाव कुटं जाऊ देऊ नगा. मुकादमाला कळलं तर पुढच्या साली उचल मिळायची न्हाई." मी तिला शब्द दिला होता. असा शब्द देणे फार सोपे असते. तो पाळावयाचा तर संगणकाचे थोडे शास्त्र समजून घ्यावे लागते, ही गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली.

संस्थेचा नियम असा होता की, प्रकल्पात काम करणाऱ्या कोणीही परदेशी जाताना प्रकल्पाची सामग्री असलेला संगणक बरोबर नेऊ नये. दहा दिवस आधी अर्ज करावा, कोणता देश, किती दिवस आणि नेमक्या कोणत्या फाइली लागतील ते लिहावे, म्हणजे संगणक विभाग प्रवासापुरता एक लॅपटॉप देतो. मला त्या अर्जाचा रागच आला. इतक्या वर्षांच्या कामानंतर आपल्यावर विश्वास नाही की काय, असे वाटले. अर्जात मी "सर्व फाइली" असे लिहून मोकळी झाले.

संगणक विभागातील तरुण मुलीने तो अर्ज शांतपणे परत केला. "मॅडम, तुमचा निबंध वीस मिनिटांचा. त्याला एकेचाळीस मुलाखती कशाला लागतात?" मला उत्तर सुचेना. मग तिनेच ते माझ्या भाषेत समजावून दिले. "परगावच्या लग्नाला जाताना खरे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून आपण बेंटेक्सचे घालून जातो ना? तसंच समजा. चोरीला गेलं तरी रात्री झोप लागली पाहिजे."

या एका वाक्यात सगळा सिद्धांत आला. तरीही त्यामागची कारणे तीन निरनिराळी आहेत आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. ती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो.

पहिले कारण चोरीचे किंवा हरवण्याचे. आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी असते की, लॅपटॉप उघडताना पासवर्ड विचारतो, म्हणजे आतले सर्व सुरक्षित आहे. ही समजूत चुकीची आहे. तो पासवर्ड म्हणजे फक्त पुढच्या दाराची कडी. लॅपटॉपमधील माहिती ज्या डिस्कवर असते ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की मागचे दार सताड उघडे. ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी अमेरिकेच्या नासा या संस्थेतील एका कर्मचाऱ्याच्या बंद मोटारीतून लॅपटॉप चोरीस गेला. त्याला पासवर्ड होता, परंतु डिस्कवरील मजकूर सांकेतिक केलेला नव्हता. सुमारे दहा हजार लोकांची खाजगी माहिती त्यात होती. चंद्रावर माणसे पाठविणाऱ्या संस्थेची ही कथा, मग आपली काय!

यावरचा उपाय म्हणजे संपूर्ण डिस्कचे सांकेतीकरण. यात डिस्कवरचे अक्षर न् अक्षर एका किल्लीच्या साहाय्याने निरर्थक चिन्हांत बदललेले असते. किल्ली असेल तर मजकूर, नसेल तर नुसता कचरा. आज सर्वत्र वापरली जाणारी एईएस ही पद्धत अमेरिकेने २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्या मोठ्या किल्लीच्या शक्यता इतक्या आहेत की, ती संख्या लिहावयाची तर अठ्ठ्याहत्तर अंक लागतात. एकेक किल्ली लावून पाहणे जगातील सर्व संगणकांना मिळूनही शक्य नाही. मात्र एक मेख आहे. लॅपटॉप नुसता मिटून ठेवला तर किल्ली आतल्या स्मृतीत जागीच राहते. वीज तोडल्यावरही स्मृतीतील मजकूर काही क्षण, आणि थंडावा दिला तर त्याहून बराच अधिक काळ टिकतो, असे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले. म्हणून प्रवासात लॅपटॉप मिटावयाचा नाही, पूर्ण बंद करावयाचा. मी तोवर वर्षानुवर्षे तो मिटतच आले होते.

दुसरे कारण सरहद्दीचे, आणि ते अधिक नाजूक आहे. चोर आपल्याला पासवर्ड विचारत नाही. सरहद्दीवरचा अधिकारी विचारू शकतो. ब्रिटनच्या २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या सातव्या परिशिष्टानुसार बंदरावर वा विमानतळावर कोणाही प्रवाशाला विशिष्ट संशय नसतानाही चौकशीसाठी थांबविता येते, आणि अशा वेळी पासवर्ड न सांगणे हा गुन्हा ठरू शकतो. पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांचे सहचर डेव्हिड मिरांडा यांना ऑगस्ट २०१३ मध्ये हीथ्रो विमानतळावर याच तरतुदीखाली सुमारे नऊ तास अडकवून त्यांच्याजवळील उपकरणे काढून घेण्यात आली होती. न्यूझीलंडने २०१८ साली कायदा करून पासवर्ड नाकारणाऱ्यास पाच हजार डॉलरपर्यंत दंड ठेवला. अमेरिकेत सीमाशुल्क अधिकारी प्रवाशाचे उपकरण वॉरंटशिवाय चाळू शकतात. तेथील २०१८ च्या निर्देशानुसार यंत्रे जोडून सखोल तपासणी करावयाची तर संशयाला काही आधार लागतो किंवा राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न असावा लागतो. शिवाय उपकरणात प्रत्यक्ष असलेलेच पाहावे, इंटरनेटवर दूर साठविलेले पाहू नये, असेही त्यात म्हटले आहे.

या शेवटच्या वाक्यात सगळी गोम आहे. जे बरोबर आहे तेच पाहता येते. म्हणून जे दाखवावयाचे नाही ते बरोबर नेऊ नये. अधिकाऱ्याशी खोटे बोलणे, फाइली दडविणे, "पासवर्ड आठवत नाही" अशी बतावणी करणे यांतले काहीही करावयाचे नाही. त्याने उघडा म्हटले की उघडावे. आत काही नसेल तर संकोच कशाचा? चोरासाठी कुलूप आणि अधिकाऱ्यासाठी कोरी पाटी, असे मी ते ध्यानात ठेवले आहे. कुलूपाने चोराचे काम अडते, कायद्याचे नाही. आणि ज्या बाईने मला शब्द मागितला, तिला या दोघांत काय फरक?

तिसरे कारण म्हणजे लॅपटॉप हरवत नाही, पण त्यात काही शिरते. पूर्व आशियातील चांगल्या हॉटेलांच्या वायफायवर दबा धरून निवडक पाहुण्यांना खोट्या दुरुस्त्या बसविण्यास लावणाऱ्या टोळीचा तपशील कॅस्परस्की या कंपनीने नोव्हेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. आपण जेवावयास गेलो असताना खोलीतील लॅपटॉपमध्ये कोणी ढवळाढवळ करण्याच्या प्रकाराला या शास्त्रात 'दुष्ट मोलकरीण' असे नाव आहे. पोलंडच्या योआना रुत्कोव्स्का यांनी २००९ साली ते रूढ केले. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला ते नाव खटकते. इथेही आळ गरीब बाईवरच! असो. उपाय असा की, परत आल्यावर तो लॅपटॉप कशालाही न जोडता संस्थेच्या स्वाधीन करावयाचा, आणि त्यांनी तो पुसून पुन्हा कोरा करावयाचा. काही शिरले असलेच तर बहुतेक वेळा तेही पुसले जाते. स्वतःच्या लॅपटॉपला आपण अशी आंघोळ कधी घालतो?

निघण्याच्या आदल्या दिवशी तो लॅपटॉप हाती आला. त्यात माझा निबंध, चार तक्ते आणि तात्पुरता ईमेल पत्ता, एवढेच. नवीन काही बसविण्याची मला मुभा नव्हती. इंटरनेट वापरावयाचे ते संस्थेच्या बंदिस्त मार्गानेच. सोबत किल्लीच्या आकाराचा एक छोटा तुकडा होता. तो लावल्याशिवाय ईमेल उघडत नसे. तळाच्या स्क्रूंवर त्या मुलीने चमचमते नेलपॉलिश लावून फोटो काढून ठेवला होता. कोणी स्क्रू उघडला तर ती नक्षी पुन्हा तशीच जुळत नाही. परिषदेत कोणी भेट दिलेला पेनड्राइव्ह लावू नका, आणि घरचे ईमेल यात उघडू नका, असे तिने दोनदा बजावले. घरचे ईमेल उघडले की कोऱ्या पाटीवर सगळे घर येऊन बसते. मग ती माझ्या पर्सकडे पाहून म्हणाली, "आणि फोन?"

मी चपापले. फोनमध्ये त्या एकेचाळीस स्त्रियांच्या संमतिपत्रांचे फोटो होते. कोणाची सही, कोणाचा अंगठा, आणि प्रत्येकीचे संपूर्ण नाव. लॅपटॉपचा एवढा सोपस्कार करून मी यादी पर्समध्ये घालून निघाले होते! ते फोटो त्याच टेबलावर संस्थेकडे उतरवून फोनमधून काढून टाकले. हटविलेल्या फोटोंच्या डब्यात ते महिनाभर पडून राहतात, तोही रिकामा केला.

प्रवासात लॅपटॉप हातातल्या बॅगेतच ठेवावा. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने दुबई, दोहा, अबुधाबी यांसह दहा विमानतळांवरून येणाऱ्या प्रवाशांना लॅपटॉप सामानात टाकावयास लावले होते. आखातातून अमेरिकेला जाणाऱ्या आपल्याकडच्या अनेकांना त्याची झळ लागली. त्याच वर्षीच्या जुलैपर्यंत ती बंदी उठली.

आता आपण विचाराल, सरहद्दीवर काय झाले? काहीही नाही. हीथ्रोच्या अधिकाऱ्याने परिषदेचे पत्र पाहिले, "किती दिवस?" असे विचारले आणि शिक्का मारला. लॅपटॉपकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. इतके सव्यापसव्य फुकटच गेले असे मला वाटले, आणि तसे वाटण्यातच माझी गफलत झाली. परिषद आटोपून लीड्सहून लंडनला आगगाडीने येताना मी ती बॅग डोक्यावरच्या फळीवर ठेवली, आणि किंग्ज क्रॉसला मेतकुटाची पिशवी तेवढी सांभाळून उतरले. वसतिगृहावर पोचल्यावर ध्यानात आले. रात्रीचे नऊ वाजले होते, मुंबईत दीड. संस्थेने दिलेल्या चिठ्ठीवरचा क्रमांक लावताना माझे हात थरथरत होते.

पलीकडून झोपाळू आवाजात एकच प्रश्न आला, "मॅडम, बंद केला होता का मिटला होता?" बंद केला होता. "मग झोपा. ते खातं मी इथून गोठवतो. लॅपटॉप कोणी इंटरनेटला जोडला तर आपोआप पुसला जाईल; नाही जोडला तरी आतलं वाचता यायचं नाही. आणि वाचलं तरी तुमचा निबंधच आहे ना? तो तर तुम्ही आजच सगळ्यांना वाचून दाखवलात."

त्या रात्री मला झोप लागली नाही, पण ती बॅगेच्या काळजीने नव्हे. त्याच फळीवर माझा स्वतःचा लॅपटॉप राहिला असता तर, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. त्या बाईने माझा हात धरला होता तो डोळ्यांपुढे येत राहिला. सकाळी हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत बॅग जशीच्या तशी मिळाली. परतल्यावर त्या मुलीने नेलपॉलिशचा फोटो ताडून पाहिला, काही बदलले नव्हते, तरीही लॅपटॉप माझ्यादेखत पुसला.

आपल्या महाविद्यालयात अशी सोय नाही, आणि आपले विद्यार्थी रोज उठून परदेशी जातात असेही नाही. परंतु क्षेत्रीय कामासाठी ते वाडीवस्तीवर जातात, लोक त्यांना मनातले सांगतात, आणि ते सारे एसटीच्या फळीवरच्या बॅगेतून परत येते. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. विभागाचा एखादा जुना लॅपटॉप पुसून प्रवासासाठी राखून ठेवता येईल. डिस्क सांकेतिक करण्याची सोय अनेक संगणकांत मुळातच असते, नसल्यास व्हेराक्रिप्टसारखी साधने विनामूल्य मिळतात. फक्त किल्लीची नोंद कागदावर लिहून कपाटात जपावी. ती हरवली तर मालकालाही आत प्रवेश नाही. मुलाखतींना नावांऐवजी क्रमांक द्यावेत आणि क्रमांक-नावांची यादी निराळ्या जागी ठेवावी. आणि निघण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हे बरोबर नेण्याची खरोखर गरज आहे काय?

ज्येष्ठ सहकाऱ्यांना आता माझे उत्तर असे आहे : घरची भाकरी सोडून मी शेजाऱ्याकडे पीठ मागितले, हे खरे. पण ती भाकरी माझी नव्हती. एकेचाळीस जणींनी ती माझ्याकडे सांभाळावयास दिली होती.