याचिकेवरचं नाव

१९३४ साली मुंबईत र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या वाचकांनी हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल प्रश्न विचारले होते आणि कर्व्यांनी त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरं दिली होती. बचावाला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. समलिंगी हक्कांना 'पाश्चात्त्य थेर' म्हणणाऱ्या मराठी माणसाने निदान हे प्रकरण वाचावं. त्या खटल्यात संपादकाचं नाव होतं, वकिलाचं होतं. ज्यांच्या जगण्याचा तो प्रश्न होता, ते मात्र कुठेच नव्हते. पुढे जी चळवळ उभी राहिली, तिचं मोठं दुखणं हेच होतं.

भारतीय दंड संहितेतल्या कलम ३७७ खाली समलिंगी संबंधांना जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेची तरतूद होती. प्रत्यक्षात खटले थोडे, पण धमकी रोजची. पोलिसाने किंवा एखाद्या भामट्याने 'घरी सांगू?' एवढं विचारलं की खिसा रिकामा व्हायचा. नाव फुटणं हीच शिक्षा असेल तर मोर्चाला येणार कोण?

म्हणून सुरुवात ज्यांनी नाव लावलं त्यांच्यापासून करायला हवी. पत्रकार अशोक राव कवी १९८६ साली एका इंग्रजी मासिकातल्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं उघड बोलले. १९९० मध्ये त्यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढलं, १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट'. सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यात, महापालिकेच्या जुन्या इमारतीत या संस्थेला जागा मिळाली. पालिकेने ती हक्कांच्या कळवळ्याने दिली असं मानायचं कारण नाही. एचआयव्हीची साथ होती आणि बागा, स्टेशनं, स्वच्छतागृहं इथे जाऊन पुरुषांशी बोलू शकणारी माणसं सरकारकडे नव्हती. चळवळ अशी आरोग्याच्या मागच्या दाराने आत आली. कार्यकर्ता होणं म्हणजे संध्याकाळी पिशवीत निरोध घेऊन निघणं, कोणाला तपासणीला नेणं, हेल्पलाइनवर तासभर नुसतं ऐकत बसणं. कंटाळवाणं काम, पण माणसं त्यातूनच जोडली गेली.

हे कामही सुरक्षित नव्हतं. २००१ मध्ये लखनौत एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या आरिफ जफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पोलिसांनी पकडलं. ते ४७ दिवस तुरुंगात होते. त्याच वर्षी दिल्लीच्या 'नाझ फाउंडेशन'ने ३७७ विरुद्ध याचिका केली. २००४ मध्ये उच्च न्यायालयाने ती फेटाळली, कारण संस्था स्वतः बाधित नव्हती. बाधिताने पुढे यावं तर तो कायद्याने गुन्हेगार! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवलं, म्हणून समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळणारा उच्च न्यायालयाचा २ जुलै २००९ चा निकाल पाहायला मिळाला.

आरोग्याच्या त्या दाराने स्त्रिया मात्र आत येऊ शकल्या नाहीत. एचआयव्हीचा निधी पुरुषांच्या कामाला मिळे. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेला 'स्त्री संगम' (पुढे 'लेबिया') स्त्री चळवळीच्या आधाराने वाढला. १९९८ मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरच्या 'फायर' या चित्रपटावरून शिवसैनिकांनी चित्रपटगृहांत तोडफोड केली, तेव्हा 'लेस्बियन' हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचला. या शाखेचा इतिहास आपल्याकडे फार अर्धवट सांगितला जातो.

पुण्याचा रंग वेगळा. अमेरिकेत 'त्रिकोण' या दक्षिण आशियाई गटाशी जोडले गेलेले बिंदुमाधव खिरे सॉफ्टवेअरची नोकरी सोडून कामाला लागले आणि २००२ मध्ये त्यांनी 'समपथिक ट्रस्ट' स्थापन केला. त्यांनी 'पार्टनर' कादंबरी लिहिली, 'इंद्रधनू' लिहिलं. ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्या हाती पडेल असं मराठीत काहीतरी असावं म्हणून. मला हे काम एखाद्या मोर्चाहून मोठं वाटतं. २०११ मध्ये पुण्यात पहिली प्राइड मिरवणूक निघाली. पुढे मिरवणुकीत कपडे साधे असावेत या खिरे यांच्या आग्रहावरून वादही झाला. पुण्याला हा वाद शोभून दिसतो. पण शेजाऱ्यांना पटेल असं दिसायचं की आहोत तसं, हा प्रश्न नुसता पुणेरी नाही.

मुंबईत २००८ च्या ऑगस्टमध्ये क्रांती मैदानावरून 'क्वीअर आझादी'ची मिरवणूक निघाली. देशातल्या सुरुवातीच्या मोर्चांत मुखवटे घातलेले लोकही दिसत. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७७ पुन्हा जिवंत केलं आणि अनेकांचा संकोच संतापाने घालवला. २०१६ मध्ये नवतेज सिंग जोहर आणि इतर चौघे स्वतःच्या नावाने न्यायालयात गेले. २०१८ मध्ये आयआयटीचे आजी-माजी विद्यार्थी गेले, आरिफ जफर गेले, राव कवीही गेले. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल लागला, तो या नावांवर.

आणखी एक नाव उशिरा आलं, आईबापांचं. २०२३ मध्ये समलिंगी विवाहहक्काची सुनावणी चालू असताना चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांना पत्र लिहिलं. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने विवाहाचा हक्क नाकारला.

मग काम पुन्हा बारीकसारीक गोष्टींवर आलं आहे. समलिंगी जोडीदाराबरोबर बँकेत संयुक्त खातं उघडायला अडसर नाही, असं २०२४ मध्ये केंद्राने पत्रक काढून स्पष्ट केलं; शिधापत्रिकेसाठी दोघांना एकाच घरातले धरावं, असंही राज्यांना कळवलं. काउंटरवरच्या कारकुनाला हे पत्रक माहीत असेलच असं नाही. म्हणून आज ज्याला या कामात पडायचंय, त्याने त्या पत्रकाची प्रत घेऊन एखाद्या जोडप्याबरोबर बँकेत जायला हरकत नाही.